जीव लावा, पण जीभ आवरा

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई हप्ता आणि बैठक सोडून क्रिकेटवर कुठं गेली? पण आयपीएल सुरू झालं की आपल्या घरात काय होतं ते आठवा. एक पोरगा मुंबईचा, दुसरा चेन्नईचा. दोघं भाकरी खातात एकाच तव्यावरची, आणि सामना संपला की एकमेकांशी बोलत नाहीत. मोबाईलच्या स्टेटसवर चिडवाचिडवी सुरू होते आणि मग शेजारच्या गल्लीपर्यंत जाते.

मुंबईच्या संघाचे पाठीराखे म्हणजे जीव ओवाळून टाकणारी माणसं. वानखेडे स्टेडियमवर ‘मुंबईचा राजा, रोहित शर्मा’ असा गजर होतो तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्याच्याही अंगावर काटा येतो. तरीसुद्धा दुसऱ्या संघांच्या पाठीराख्यांना ही मंडळी खटकतात. असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

पहिलं कारण साधं आहे. मुंबई फार जिंकते. रणजी स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये मुंबईनं विदर्भाला हरवून तो करंडक ४२ व्या वेळी घेतला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत तर सलग १५ वर्षं तो मुंबईकडेच होता. आयपीएलही मुंबईनं पाच वेळा जिंकलं. आता बघा, आपल्या गावात रांगोळीच्या स्पर्धेत दरवर्षी एकाच गल्लीचा पहिला नंबर आला, तर बाकीच्या गल्ल्यांच्या पोटात दुखणारच. त्यात जिंकणारीचा काही दोष नाही. हा राग तिनं हसून सोडून द्यावा.

दुसरं कारण म्हणजे मोठ्या शहराबद्दल मनात असलेला सल. पैसा मुंबईत, सिनेमा मुंबईत, क्रिकेट बोर्डाची कचेरीही वानखेडेतच. आपल्या राज्यात रणजीचे संघ तीन आहेत, मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. आपला जालना जिल्हा महाराष्ट्राच्या संघात येतो. जालन्याचा विजय झोल २०१४ च्या विश्वचषकात भारताच्या १९ वर्षांखालच्या संघाचा कप्तान होता, तेव्हा आपली छाती फुगली होती की नाही? लहान गावाला आपलं कुणीतरी पुढं गेलेलं हवं असतं. अशा वेळी मोठ्या शहरातला कुणी म्हणाला, ‘तुमच्याकडे आहे काय?’ तर ते वाक्य सामना विसरल्यावरही लक्षात राहतं.

तिसरं कारण म्हणजे ऐट. मुंबईच्या क्रिकेटला ‘खडूस’ म्हणतात. आपल्याकडे कुणाला खडूस म्हटलं तर भांडण होईल, पण मुंबईचे खेळाडू हा शब्द अभिमानानं मिरवतात. सहजासहजी विकेट द्यायची नाही, शेवटपर्यंत झुंजायचं, असा त्यांचा अर्थ. खेळाडूनं मैदानात खडूस असावं, त्यानं धावा होतात. पण बघणाऱ्यानं खडूस होऊन काय मिळतं? त्याच्या हातात बॅट नसते, नुसतं तोंड असतं.

आणि हे तोंड कसं फिरतं ते २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. रोहितला काढून हार्दिक पांड्याला कप्तान केलं, म्हणून वानखेडेवर आपल्याच संघाच्या कप्तानाची लोकांनी हुर्यो उडवली. तीन महिन्यांनी त्याच हार्दिकनं बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक टाकलं आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयजयकार झाला.

चौथं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ओरडतात थोडे, नाव खराब होतं सगळ्यांचं. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला काही प्रेक्षकांनी माकडासारखे हावभाव करून हिणवलं. पोलिसांनी काही जणांना पकडलंही. त्या दिवशी हजारो लोक नीट बसून सामना बघत होते. पण जगभर चर्चा झाली ती मुंबईच्या प्रेक्षकांची. त्या थोड्यांच्या शेजारी बसलेल्यांनी वेळीच दंड धरून खाली बसवलं असतं, तर ही बदनामी टळली नसती का?

असाच जीव टाकणारा प्रेक्षक वेगळाही वागू शकतो. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला भारत-पाकिस्तान कसोटी होती. सचिन पाठीच्या दुखण्यातही १३६ धावा करून बाद झाला आणि भारत अवघ्या १२ धावांनी हरला. लोकांना काय वाटलं असेल! तरी सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि पाकिस्तानच्या खेळाडूंसाठी टाळ्या वाजवल्या. त्या संघानं मैदानाला फेरी मारली. आज इतकी वर्षं झाली, तरी चेन्नईच्या त्या प्रेक्षकांचं नाव आदरानं निघतं. त्यांचं भारतावरचं प्रेम काही कमी नव्हतं.

मैत्रिणींनो, हा नुसता खेळाचा विषय असता तर मी इतकं बोलले नसते. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात हैदराबाद-मुंबई सामना बघताना रोहित बाद झाला. चेन्नईच्या एका पाठीराख्यानं मुंबईवाल्यांना डिवचलं. दोघांनी त्याला मारलं आणि त्यात त्याचा जीव गेला. त्या दोघांना अटक झाली. एका घरातला माणूस गेला, दुसरीकडची माणसं तुरुंगात गेली. मैदानावरच्या खेळाडूंना या माणसांची नावंही ठाऊक नव्हती.

म्हणून माझं सांगणं एवढंच. आपल्या संघावर जीव लावल्यानं कुणी आपला राग करत नाही. आपल्या आनंदासाठी दुसऱ्याला खाली पाडलं की राग येतो. आपल्या गटांचंही असंच आहे. ‘आमची परतफेड वेळेवर होते’ असं ग्रामसंघाच्या बैठकीत सांगितलं तर सगळ्या टाळ्या वाजवतात. ‘आमचीच होते, त्या गटाला काय जमतंय?’ म्हटलं की पुढच्या बैठकीला त्या बायका येत नाहीत.

यंदा सामने सुरू झाले की घरात तीन गोष्टी ठरवा. चिडवायचं ते खेळावरून. गावावरून, जातीवरून, आईबहिणीवरून एक शब्द नाही. समोरच्या संघाचा फटका चांगला बसला तर ‘वा’ म्हणायचं. आणि आपल्यातला कुणी घसरला तर त्याला आपणच थांबवायचं, समोरच्याची वाट बघायची नाही. आईनं थांबवलेलं पोराला लागत नाही, परक्यानं थांबवलं की हाणामारी होते.

सामना जरूर बघा, पोरांच्या शेजारी बसून बघा. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि तुमच्या गल्लीत काय होतं ते एकमेकींना सांगा.