वरकस जमीन आणि कष्टाचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाने शेतीवर बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यांच्या फाटकांवर अधिक झाले. शेतकीशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील कामगाराच्या घराची चौकशी करीत गेले, की ती डोंगरउतारावरच्या एखाद्या पडक्या गडग्यापाशी जाऊन थांबते, असा आमचा अनुभव आहे. गिरणगावातील कितीतरी कामगार येथल्याच शेतकऱ्यांचे मुलगे होते. गिरणीच्या पगारात सगळा संसार भागत नसे. गावचे भात, गावची नाचणी आणि गावी राहिलेल्या बायकोचे कष्ट यांवर उरलेला संसार चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, तेव्हा अनेक कामगार बिऱ्हाड गुंडाळून गावी परतले, आणि त्यांच्या तोंडी घास घातला तो याच जमिनीने. तेव्हा या जमिनीचा विचार कामगारांच्या माणसाने करणे मुळीच गैर नाही.

आज ही जमीन ओस पडत आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सोळा लाख सत्त्याण्णव हजार होती. २०११ मध्ये ती सोळा लाख पंधरा हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना आपली घटली. त्याच २०११ साली येथे हजार पुरुषांमागे अकराशे बावीस स्त्रिया होत्या. याचा अर्थ उघड आहे. पुरुष बाहेर, शेत बाईच्या अंगावर, आणि सातबारा मात्र पुरुषांच्या नावाने. डोंगराळ भागातील लहान शेतकऱ्याचे उत्पन्न कसे वाढेल, हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा हा शेतकरी बहुतेक ठिकाणी एक बाई आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

रत्नागिरी म्हटले की बाहेरच्या माणसाला हापूस आठवतो. हापूसचे मोल आम्ही नाकारीत नाही. १९९० साली रोजगार हमीला फलोद्यानाची जोड मिळाली, तेव्हापासून कातळालगतच्या पुष्कळ जमिनींवर आंबा-काजू उभा राहिला, हेही खरे. पण दहा-वीस कलमांचा धनी हा बागाईतदार नव्हे. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष फसवतो. मोहोरावर ढगाळ हवा आली की फवारणी आली, आणि फवारणीला पैसा लागतो. म्हणून असा लहान धनी मोहोर दिसताच कलमे कराराने देऊन मोकळा होतो. फळ त्याच्या झाडाचे असते, पण बाजाराशी त्याचा संबंध उरत नाही. आमचे आजचे बोलणे या लहान धन्याविषयी आहे.

त्याची गरिबी निसर्गाने दिली, असे आपण सहज म्हणून जातो. इतिहास तसे सांगत नाही. खोतीच्या काळी भाताचा अर्धा आणि वरकस पिकाचा तिसरा हिस्सा खोताच्या कणगीत जाई. अर्धेल आणि तिर्धेल हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होते. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी कसण्याचे नाकारले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती नष्ट करणारा कायदा झाला १९४९ साली. जमीन कसणाराची झाली, ही केवढी तरी गोष्ट झाली. परंतु खोताविरुद्ध जी एकी होती, ती खोत गेल्यावर विसकटली. प्रत्येकाच्या वाट्याला पाच-दहा गुंठे आले आणि प्रत्येकजण आपल्या गडग्याच्या आत एकटा पडला. आमचे आज सांगणे असे की, लहान शेतकऱ्याचे उत्पन्न या एकटेपणामुळे अडले आहे. जमिनीचा हलकेपणा हे त्यामानाने लहान कारण आहे.

प्रथम हिशेब घेऊ. कामगाराला आम्ही पहिली गोष्ट शिकवितो ती आपले तास मोजण्याची. शेतकरी आपले दिवस मोजीत नाही. राब भाजणे, पेरणी, नांगरणी, तरवा काढणे, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, उफणणी, अशी घरच्या माणसांची सगळी कामे एका वहीत मांडावी, गावात मजुराला जो रोज मिळतो त्या दराने त्यांना गुणावे, आणि शेजारी भाताची किंमत लिहावी. पुष्कळ घरी असे दिसेल की बाईने पावसात वाकून केलेल्या लावणीचे मोल शून्य धरले, तरच भातशेती फायद्याची ठरते. हे वाचून निराश होण्याचे कारण नाही. कोणते कष्ट फुकट जातात, हे त्या वहीतच सापडते.

भाताच्या बाबतीत ज्ञान कमी आहे असे नाही. शिरगावच्या संशोधन केंद्राने रत्नागिरीच्या नावाची भाताची बियाणी दिली. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून काम करीत आहे. डॉ. नारायण सावंत यांनी सांगितलेली चारसूत्री पद्धत तर लहान खाचरासाठीच जन्मली आहे. भाताचा तूस आणि पेंढा पुन्हा जमिनीला द्यावा. गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडावा. पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर असे आलटून-पालटून अंतर ठेवून दोरीवर दोन-तीन रोपांचे चूड लावावे. आणि पंधरा सेंटिमीटरच्या चौकोनातील चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात खोल खोचावी. आपल्या मुसळधार पावसात वरून फेकलेले खत ओढ्याला जाते. खोचलेली गोळी मुळाशी राहते. गुंठ्याला पावणेदोन किलोच्या आसपास गोळ्या पुरतात. बांधावर गिरिपुष्प लावले, तर पाल्याला पैसा पडत नाही. परंतु दोरी धरून लावणी करायची तर एका वेळी माणसे हवीत. पूर्वी सावडीने लावणी होई. आज माणसे थोडी, म्हणून सावडीची गरज अधिक, आणि नेमकी आजच ती मोडली आहे.

भातानंतर काय? जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर जातात. जांभा दगड पाणी धरीत नाही, उतार ते थांबू देत नाही. म्हणून पाऊस सरल्यावर आणि वहाळ वाहता आहे तोवर, गोणत्यांत माती भरून वनराई बंधारे घातले पाहिजेत. फार लवकर घातला तर उशिराच्या सरीने वाहून जातो. उशीर केला तर अडवायला पाणी राहत नाही. वाडीने दोन दिवस श्रमदान केले की हे काम होते, आणि त्या पाण्यावर कुळीथ, पावटा यांच्याबरोबर मुळा, माठ, भेंडी, कलिंगड होऊ शकते. पण येथे आणखी एक अडचण उभी राहते. भात कापले की गुरे मोकाट सुटतात. एकट्या बाईने दहा गुंठे हिरवे केले, तर ते गावच्या गुरांसाठी केले असे होते. चारी बाजूंनी कुंपण घालण्याचा खर्च त्या दहा गुंठ्यांच्या भाजीतून निघत नाही. शंभर गुंठे एकत्र धरून एक कुंपण घातले, एक राखण्या ठेवला आणि गावकीने गुरे बांधण्याचा दिवस ठरविला, तर तीच जमीन दुसरे पीक देते. शिमग्याची पालखी कोणत्या दिवशी कोणाच्या दारी जाणार, हे ज्या गावकीला चोख ठरविता येते, तिला गुरांचा नियम पाळता येणार नाही, हे आम्हांस मान्य नाही.

आता विक्रीकडे येऊ. काजूचे उदाहरण घेतो. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींनी आपल्या उतारांवर चांगली साथ दिली आहे. शंभर किलो बी फोडली तर सुमारे तीस किलो गर निघतो. वाळवणे, वाफ देणे, फोडणे, साल काढणे, प्रतवारी करणे, या कामांत मजुरी आहे आणि मोलही आहे. शेतकरी मात्र बी कच्ची विकतो. कारण पावसाआधी घर शाकारायचे, मुलांच्या वह्या-पुस्तकांची तयारी करायची, बी-बियाणे घ्यायचे. सगळे जण एकाच महिन्यात विकतात, तेव्हा भाव व्यापारी सांगेल तो. मग त्याच गावची मुलगी काजूच्या कारखान्यात चिकाने बोटे पोळत रोजावर बी फोडते. एका घराचे कष्ट दोनदा स्वस्तात जातात. यावर उपाय अवघड नाहीत. १९९०-९१ पासून राज्याच्या पणन मंडळाने शेतमाल तारण योजना चालविली. तीत काजू बीही घेतली गेली, आणि मालाच्या किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्जाची सोय झाली. अशी उचल मिळाली तर मे महिन्यातील गरज भागते आणि बी भाव येईपर्यंत थांबू शकते. पण दोन पोती घेऊन कोणी गोदामाच्या दारी जात नाही. वाडीची साठ पोती एका काट्यावर चढली, तर गोदामही दार उघडते आणि व्यापारीही ओटीवर येऊन बसतो. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील दूधवाल्यांनी १९४६ साली पंधरा दिवस दूध घालणे बंद केले आणि आणंदचा सहकारी संघ उभा राहिला. त्यांच्यापाशी एकेक-दोन-दोन म्हशीच होत्या.

शेवटी पडीक जमिनीचा प्रश्न. तो या सभागृहातील आपणा सर्वांचा आहे. आपणांपैकी कितीतरी जणांची गावी जमीन आहे आणि ती कोणी कसत नाही. कसायला द्यावी तर कूळ लागेल, ही धास्ती. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाराला जमीन दिली. त्या कायद्याविषयी आम्हांला आदरच आहे. पण आज त्याच्याच भीतीने मालक जमीन देत नाही, शेजारी कष्टकरी बाईला जमीन मिळत नाही, आणि मधल्यामध्ये रान माजून डुकरे-माकडे राज्य करतात. भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. जमीन भाड्याने देण्याचा नमुना कायदा निती आयोगाच्या समितीने २०१६ साली सुचविला, तो याच कोंडीमुळे. केरळात १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्रीच्या बायकांनी गट करून पडीक जमिनी मुदतीने घेतल्या आणि भात, भाजी पिकविली. मालकाचा हक्क कागदावर शाबूत आणि कसणारीचा हंगाम कागदावर शाबूत, असा मार्ग चांगल्या वकिलाच्या सल्ल्याने आणि लेखी कराराने आपणही शोधला पाहिजे.

तेव्हा आमच्या मागण्या तीनच आहेत. गावी पडीक जमीन असेल, तर ती विकण्याआधी वाडीतील बायकांच्या गटाशी एकदा बोला. घरी काजूगर, आमसूल, तांदूळ घेता, ते अशा गटाकडून थेट घ्या आणि दर ठरवताना घासाघीस आवरा. आणि गणपतीला गावी जाल, तेव्हा भजनानंतर तासभर गावकी बसवून गुरे बांधण्याचा दिवस आणि बंधाऱ्याचा दिवस ठरवून या. भात त्यानंतर थोड्याच दिवसांत कापणीला येते. तो मुहूर्त चुकला, तर एक वर्ष गेले.