मोटरसायकलच्या जुन्या टाकीतील गंज : कारणे आणि उपाय



गोव्यातील एखाद्या जुन्या घराच्या पडवीत गोणपाटाखाली झाकून ठेवलेली मोटरसायकल पुष्कळांच्या पाहण्यात असेल. मद्रास येथे १९५५ सालापासून तयार होऊ लागलेली बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडलेली जावा व तिच्या मागोमाग आलेली येझदी, अथवा खेडोपाडी पोहोचलेली राजदूत. या गाड्यांनी एकेका कुटुंबाची दोन-दोन पिढ्या सेवा केली आहे. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरून उतारू नेणाऱ्या पायलट बंधूंचे तर संसार या दोन चाकांवर उभे राहिले. घरचा कर्ता पुरुष थकतो, किंवा नोकरीनिमित्त परदेशी जातो, आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. चार-पाच पावसाळ्यांनंतर मुलगा ती बाहेर काढतो. गाडी सुरू होते, कोस-अर्धा कोस जाते आणि बंद पडते. दोष इंजिनाचा आहे असे समजून पैसा खर्च होतो. खरा दोष मात्र पुष्कळदा टाकीच्या पोटात दडलेला असतो.

हा दोष म्हणजे गंज. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज धरतो. टाकीत पेट्रोल असताना पाणी कोठून आले, असा प्रश्न साहजिकच पडेल. अर्धवट रिकाम्या टाकीत उरलेली जागा हवेने भरलेली असते. समुद्रकाठची हवा मुळातच दमट. रात्री पत्रा थंड झाला की त्या हवेतील बाष्प आतल्या अंगाला दवासारखे जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते थेंब-थेंब तळाशी उतरते आणि तेथेच साचून राहते. झाकणाचे रबरी वॉशर झिजलेले असेल, तर पावसाचे पाणी त्यात आणखी भर घालते.

अलीकडच्या काळात याला आणखी एका कारणाची जोड मिळाली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०२२ साली दहा टक्क्यांपर्यंत व २०२५ साली वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. हा ओलावा मर्यादेबाहेर गेला, म्हणजे इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली बसते. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल बदलत राहत असल्यामुळे याचा त्रास सहसा जाणवत नाही. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीला मात्र तो बाधतो.

गंजाचे कण पेट्रोलबरोबर वाहत कार्बोरेटरपर्यंत जातात. कार्बोरेटरमधील जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे बारीक असते. ते बुजले की इंजिनाचा पुरवठा तुटतो. घाटात, चढणीवर, मागे भरलेली बस असताना गाडी अचानक बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. तो जिवावरचा प्रसंग होऊ शकतो.

उपायांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मनावर बिंबवून घेणे अगत्याचे आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. पेट्रोल ओतून टाकले तरी त्याची वाफ आत राहते, आणि हवेत मिसळलेली ही वाफ एका ठिणगीने स्फोट पावते. ही वाफ हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. चूल, देवघरातील समई अथवा विडीचे थोटूक यांच्यापर्यंत ती नकळत पोहोचते. म्हणून हे काम घरात कधीही करू नये. अंगणात, उघड्या हवेत, मुलाबाळांना दूर ठेवून करावे. भोक पडलेल्या टाकीला स्वतः झाळ लावण्याचा किंवा वेल्डिंग करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. ते काम जाणत्या कारागिराचे आहे, आणि त्यालाही टाकीत पूर्वी पेट्रोल होते हे आवर्जून सांगावे.

आता प्रत्यक्ष कृती. टाकी गाडीवरून उतरवून तिचा कॉक काढावा व जुने पेट्रोल धातूच्या डब्यात काढून घ्यावे. ते गटारात, शेतात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. थोडेसे पेट्रोलही पिण्याचे पाणी नासवते. त्यानंतर साबणाच्या गरम पाण्याने टाकी तीन-चार वेळा, वास पूर्णपणे जाईपर्यंत धुवावी. वास गेल्याची खात्री झाल्यावर आत पाणी आणि हातभर लांबीची बारीक लोखंडी साखळी घालून टाकी सर्व बाजूंनी हलवावी. सुटे नट-बोल्ट घालण्याची पद्धत आहे. परंतु साखळी एका टोकाने धरून सबंध बाहेर काढता येते, नट मात्र आत अडकून राहतात. ते वापरलेच, तर घालताना व काढताना मोजावेत.

सुटलेला गंज निघून गेल्यावर चिकटलेल्या गंजासाठी लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक आम्ल वापरावे. ते किराणा दुकानात मिळते. दर लिटर गरम पाण्यास ५० ते १०० ग्रॅम या प्रमाणात विरघळवून, कॉकचे भोक रबरी बुचाने बंद करून, टाकी काठोकाठ भरावी. १४ लिटरच्या टाकीस पाऊण ते दीड किलो लिंबूसत्त्व लागेल. झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. बाहेरील रंगावर द्रव सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. १२ ते २४ तासांत बहुतेक गंज सुटतो. अधूनमधून विजेरीने पाहावे व पत्रा स्वच्छ दिसताच द्रव काढून टाकावा. अनेक दिवस तसेच ठेवल्यास आम्ल चांगल्या लोखंडालाही खाऊ लागते. संडास धुण्याचे तीव्र ॲसिड वापरण्याचा मोह टाळावा. ते गंजाबरोबर पत्राही खाते आणि त्याची वाफ डोळ्यांस व छातीस अपाय करते.

काढलेल्या द्रवात खाण्याचा सोडा फेस येणे थांबेपर्यंत घालावा, म्हणजे त्यातील आम्लता जाईल. टाकीही सोड्याच्या पाण्याने व नंतर साध्या पाण्याने धुवावी. यापुढील घटका महत्त्वाची आहे. उघडा पडलेला ओला पत्रा पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो. म्हणून टाकी लगोलग कडक उन्हात उपडी ठेवून वाळवावी, आणि वाळताच पेलाभर इंजिन ऑइल आत घालून सर्वत्र फिरवावे. जादा तेल काढून, थोड्या पेट्रोलने खळबळून, नवे फिल्टर व नवे वॉशर बसवावे, तसेच कार्बोरेटरची वाटीही साफ करून घ्यावी. हे काम मृगाआधी किंवा चतुर्थीनंतर आकाश मोकळे झाल्यावर काढावे. ऐन पावसाळ्यात टाकी वाळणे कठीण.

काही वेळा गंज गेल्यावर टाकी गळू लागते. बारीक भोक गंजानेच बुजलेले असते, ते आता उघडे पडते. हा नुकसानीचा प्रकार नसून आधीच झालेल्या नुकसानीचा शोध आहे, हे लक्षात घ्यावे. अशी टाकी दुरुस्त झाल्याखेरीज गाडीवर चढवू नये. पत्रा जागोजागी चाळणीसारखा झाला असेल, तर टाकी बदलणे हाच सुज्ञपणा होय.

सर्वांत स्वस्त उपाय अर्थातच गंज धरू न देणे हा आहे. पावसाळ्यात गाडी काही आठवडे उभी राहणार असल्यास टाकी भरून ठेवावी, म्हणजे ओल्या हवेला जागा उरत नाही. गाडी वर्षानुवर्षे उभी राहणार असल्यास टाकी पूर्ण रिकामी करून, वाळवून, आतून तेलाचा हात द्यावा. तांत्रिक विषय शिकविणाऱ्या शिक्षकांनी एक स्वच्छ खिळा, पाण्याचा पेला व तेलाचा थेंब यांच्या साहाय्याने हाच धडा वर्गात दाखवावा. तेल लावलेला खिळा चकचकीत राहतो, कोरडा खिळा पाण्यात तांबडा होतो, हे मुले दोन दिवसांत डोळ्यांनी पाहतील.

वडिलांनी वापरलेली गाडी मुलाच्या हाती चालू स्थितीत यावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. ती पुरी होण्यास मोठा खर्च लागत नाही. थोडे लिंबूसत्त्व, एक दिवसाचे ऊन आणि ठिणगीविषयीची सावधगिरी लागते. या तिन्हींपैकी शेवटची गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती ज्याची त्यानेच बाळगावयाची असते.