मुंबईबरोबर आंदण आलेलं टँजिअर

पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळालं, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण त्या लग्नाच्या १६६१ च्या तहात आणखी एक बंदर होतं, आणि लंडनच्या लेखी खरा ऐवज तोच होता. मोरोक्कोचं टँजिअर.

कारण उघड होतं. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशीच हे गाव. हवा स्वच्छ असली की समोर स्पेनचा किनारा दिसतो. फिनिशियन आले, रोमन आले, अरब आले. १३०४ साली इब्न बतूता इथेच जन्मला, तोच पुढे आपल्या दौलताबादेपर्यंत पोचलेला प्रवासी. १४७१ मध्ये पोर्तुगीजांनी गाव घेतलं, आणि १६६२ मध्ये इंग्रजांची फौज उतरली.

आता या बंदराची खोड ऐका. खाडी उथळ, वाऱ्याला उघडी. जहाजांना आसरा नाही. मग समुद्रात दगडी धक्का बांधायला घेतला. एक वादळ आलं की वर्षाचं काम वाहून जाई. पुढे लाकडाच्या अजस्र पेट्या करून, त्यांत दगड-चुना भरून त्या समुद्रात बुडवू लागले, तेव्हा कुठे धक्का टिकू लागला. इतका पैसा इथे ओतणाऱ्या चार्ल्सनं मुंबई मात्र १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली! राजाची पारख ही अशी.

तिकडे सुलतान मौले इस्माईलनं टँजिअरचा गळा आवळत आणला. १६८० च्या वेढ्यात बाहेरचे बुरूज गेले. इकडे पार्लमेंट पैसा देईना. टँजिअरच्या फौजेत कॅथलिक फार, राजा उद्या तीच आपल्यावर आणील, ही धास्ती. शेवटी १६८३ मध्ये आरमार गेलं ते गाव सोडण्यासाठी. सोबत रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स होता. टँजिअरच्या कारभाराचा खजिनदार राहिलेला माणूस. धक्का सुलतानाच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी तो स्वतःच सुरुंग लावून फोडायला घेतला. तो इतका पक्का झाला होता की फोडायला काही महिने लागले. १६८४ च्या फेब्रुवारीत शेवटची तुकडी जहाजावर चढली आणि सुलतानाची माणसं गावात शिरली.

पुढे १९२३ मध्ये युरोपीय सत्तांनी टँजिअर आंतरराष्ट्रीय क्षेत्र ठरवलं. १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला, तेव्हा ते पुन्हा त्याच्याकडे आलं. मालवाहू जहाजांसाठी मात्र मोरोक्कोनं जुन्या खाडीचा नाद सोडला आणि पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर नवं बंदर बांधलं. २००७ पासून ते चालू आहे.