घर दोघांचं, सातबारा एकाचा



 कौटुंबिक न्यायालयातल्या वकिलांच्या या परिषदेची अध्यक्ष म्हणून संयोजकांनी माझ्याकडे घटस्फोटातल्या आर्थिक प्रश्नांचा आढावा मागितला आहे : पोटगी, स्त्रीधन, गृहकर्ज, मुलांचा खर्च. पोटगी अर्जाच्या तारखेपासून की हुकुमाच्या, यावर काल बराच खल झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या निकालात 'अर्जाच्या तारखेपासून' असं सांगून टाकलं आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते, हेही २०१७ पासून ठरलेलं आहे. आढावा इथेच थांबवते. वर्षानुवर्षं मनात साचलेलं आज बोलायचं आहे : संसारात उभ्या राहिलेल्या मालमत्तेतला बायकोचा वाटा.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातलं कलम २७ लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या सामाईक मालमत्तेपुरतं आहे. पुढे संसारात उभं राहिलेलं घर, घेतलेली जमीन, बँकेतली ठेव ज्याच्या नावावर, त्याची.

मी सावंतवाडीची. माझ्या एका पक्षकार बाईंचा नवरा मुंबईला नोकरीला. गावचं घर बाईंनी उभं राहून बांधून घेतलं. चिऱ्यांच्या गाड्या किती आल्या, गवंड्याला आठवड्याचे किती दिले, वाळू कधी उतरली, सगळं मुलाच्या जुन्या वहीत पेन्सिलीने लिहिलेलं. पानांवर सिमेंटची बोटं उमटलेली. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी एकच विचारलं, "पैसे कोण पाठवायचं?" बाई खरं बोलल्या, "हे." वहीचं काम तिथेच संपलं. पोटगी मिळाली, तीही दर वेळी वसुलीचा अर्ज टाकून. घर नवऱ्याने विकलं.

त्यांची धाकटी बहीण पेडण्यात दिलेली. लग्नाची नोंदही गोव्यातच. तिचाही संसार मोडला. पण गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक कायदा आजही चालतो. लग्नाआधी करार करून वेगळं ठरवलं नसेल, तर मालमत्ता दोघांची, निम्मी-निम्मी. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला जमीनजुमला विकता येत नाही. धाकटीला निम्मा हिस्सा मिळाला. पैसे कोण पाठवायचं, हे तिला कुणी विचारलं नाही. दोघी सख्ख्या बहिणी, मध्ये फक्त बांद्याचा नाका!

काल एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, निम्मा हिस्सा दिला तर बायका घरं मोडायला निघतील. गोव्यातल्या वकिलांबरोबर मी उभी हयात काम केलं आहे. हिश्शासाठी संसार मोडणारी बाई मला एकदाही भेटली नाही. उलट, निम्मं जाणार हे ठाऊक असलेला नवरा तडजोडीला लवकर बसतो, हे मात्र वारंवार पाहिलं. गोव्याचा कायदा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मालमत्तेचा कारभार तोही नवऱ्याच्याच हाती ठेवतो. तरुण सहकारी २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याकडे बोट दाखवतात. त्याने राहण्याचा हक्क दिला, मान्य. पण राहण्याच्या हक्कावर बँक कर्ज देत नाही, आणि तो मुलीच्या नावेही करता येत नाही.

विवाहकायदा दुरुस्तीचं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. त्यात नवऱ्याच्या स्थावरात बायकोला वाटा होता. लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. तेव्हा आपण वकील कुठे होतो? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांना आपणहून बायकोच्या नावे जमीन करायला प्रवृत्त केलं. कोरडवाहू शेतकऱ्याला जे पटलं, ते आपल्याला का पटू नये?

संसारातली मालमत्ता दोघांची मानणाऱ्या कायद्याचा मसुदा आपण राज्यासाठी एक समिती नेमून करावा. वडिलोपार्जित जमिनीचं काय, अल्पकाळ टिकलेल्या लग्नाचं काय, नवऱ्याच्या कर्जाचा बोजा कुणावर, हे समितीने ठरवावं. माझी मतं मी तिथे मांडेन. गोव्याच्या दोन-तीन वकिलांनाही बोलवू. ज्यांना समितीत यायचं आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नावं द्यावीत. ज्यांचा विरोध आहे, त्यांनी आधी द्यावीत.