वकिलाच्या ऑफिसात नोकरी आणि सकाळचे लॉ कॉलेज
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण, छापण्यासाठी थोडे नीट करून)



समितीने आम्हांला विषय दिला होता ‘तरुणांनी काय शिकावे’. हा विषय एवढा मोठा आहे की आम्ही त्यावर बोलत राहिलो तर तुमचे भोजनदान गार होईल. म्हणून एकच गोष्ट धरतो. आपल्या वस्तीतली सात-आठ पोरं-पोरी आज वकिलांच्या ऑफिसात कामाला आहेत. कोणी टायपिंग करतं, कोणी फायली घेऊन कोर्टात फिरतं. त्यांच्यातल्या काहींनी नोकरी सांभाळून एलएल.बी. करायचं मनावर घेतलं आहे. एक पोरगी तर आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं नाव आम्ही इथे घेत नाही, तिला ते आवडणार नाही. पण ती जे करते आहे ते कसं चालतं आणि कुठे अडतं, हे तिच्या घरच्यांइतकंच आपल्या सगळ्यांना ठाऊक पाहिजे.

आधी आमचं थोडं सांगतो, म्हणजे आम्हांला ह्यात एवढा रस का ते कळेल. आमचं शाळेतलं शिक्षण सातवी. वडील गेले आणि आम्ही गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, साचेखात्यात. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी बंद पडली तोवर तिथेच होतो. पाळी सुटली की युनियनचं काम, आणि त्या कामामुळे मजूर न्यायालयाच्या पायऱ्या रोजच्याच झाल्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ३६ वे कलम होते. त्या कलमाखाली युनियनचा पदाधिकारी कामगाराची बाजू मांडू शकत असे, त्याला सनद लागत नसे. उलट वकिलालाच तिथे उभे राहायचे तर समोरच्या पक्षाची संमती आणि कोर्टाची परवानगी लागे. त्या कलमाच्या जोरावर आमच्यासारखी सातवी शिकलेली माणसं मालकाच्या मॅनेजरची उलटतपासणी घेत होती. आम्हीही घेतली.

एका लहान कारखान्याने अकरा कामगार काढले होते. ती केस आम्ही उभी केली आणि खाली जिंकलो. मालक हायकोर्टात गेला. हायकोर्टात आमचं ३६ वं कलम चालेना. वकील द्यावा लागला आणि आम्ही मागच्या बाकावर. ज्या हजेरीपटाच्या पानावर खाली केस जिंकली होती ते पान फायलीत होतं, पण ऐन वेळी वकीलसाहेबांच्या हाताला लागेना. आम्ही मागून खुणा करतोय आणि शिपाई आम्हांला गप्प बसवतोय. शेवटी तडजोड झाली. पैसे घेऊन सगळे गेले, कामावर एकही परत आला नाही. त्या पानाचा नंबर आम्हांला अजून पाठ आहे.

तेव्हा ठरवलं की सनद घ्यायचीच. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दिली, मग तिसऱ्या पाळीत जागून, डबा खायच्या सुट्टीत वाचून बी. ए. झालो. गुणपत्रिका घेऊन लॉ कॉलेजात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “बारावीचं सर्टिफिकेट?” आम्ही म्हटलं, बी. ए. झालोय की. त्यांनी नियम दाखवला. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत लिहिलं आहे की दहावी-बारावीचा पाया नसताना थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर कायद्याला प्रवेश नाही. दहावी, बारावी करून मग पदवी दुरून शिकून घेतलेली चालते. म्हणजे आम्ही माडी बांधली आणि जिना विसरलो. ती बाई भली होती, तिने आम्हांला पाणी दिलं. पण प्रवेश काही मिळाला नाही.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. आज इथे बसलेल्यांत ज्यांची दहावी किंवा बारावी राहिली आहे त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरावा, रात्रशाळेत जावं, आणि पायऱ्या क्रमाने चढाव्या. पदवीला आपल्या लोकांसाठी किमान ४० टक्के गुण लागतात. २०१६ पासून महाराष्ट्रात लॉच्या प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते, हेही आधीच डोक्यात असू द्यावं.

आता त्या पोरीची गोष्ट. बी. कॉम. झाली आणि फोर्टमधल्या एका वकिलांकडे लागली. काम काय, तर सकाळी बोर्ड बघायचा, कुठल्या कोर्टात कितवा नंबर आहे ते साहेबांना कळवायचं. झेरॉक्स काढायची, पानांना नंबर घालायचे, वकालतनाम्यावर स्टॅम्प लावायचा, फायलिंगच्या खिडकीवर रांग धरायची, ऑफिसने काढलेली ऑब्जेक्शनं दूर करायची, निकालाच्या नकलेसाठी अर्ज टाकायचा. दोन वर्षं हे केल्यावर ती एका रविवारी आमच्याकडे आली आणि म्हणाली, “काका, मी पार्ट टाइम लॉ करू का?”

आम्ही चौकशी केली. पार्ट टाइम असं कागदावर काही नाही. पूर्वी संध्याकाळचे वर्ग असायचे, त्यांत शिकून कितीतरी कारकून वकील झाले. २००८ च्या नियमांनी कॉलेजची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात ह्या दरम्यान बांधून टाकली, आठवड्याला किमान २४ तास व्याख्यानांचे ठरवले आणि प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी घातली. नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला उरतं ते सकाळचं कॉलेज. सकाळी आठला पहिला तास, दुपारी सुटायचं, वडापाव खात ऑफिस गाठायचं, रात्री आठ-नऊला तिथून निघायचं.

नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचं कॉलेज ही कल्पना आपल्याला नवी नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली निघालं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले ते ह्याचसाठी, की पोरांना दिवसा कामावर जाता यावं. त्याच सोसायटीने १९५६ साली कायद्याचं कॉलेज काढलं. आणि स्वतः बाबासाहेब १९२२ साली बॅरिस्टर झाले, १९२३ पासून हायकोर्टात वकिली करू लागले, पण नुसत्या वकिलीवर भागत नव्हतं. म्हणून १९२५ पासून जवळजवळ तीन वर्षं बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. पुढे १९२८ साली सरकारी लॉ कॉलेजात अर्धवेळ प्राध्यापक झाले आणि १९३५ साली त्याच कॉलेजचे प्राचार्य. वकिली आणि वर्ग ही दोन्ही टोकं एकाच माणसाने रोज सांभाळलेली आहेत.

तर पोरीने प्रवेश घेतला. पहिले तीन महिने बरे गेले. मग अडचण आली ती घड्याळाची. कोर्ट अकराच्या सुमारास बसतं. साहेबांना दहा वाजता बंडल तयार हवं. “आजच्या दिवस ये, महत्त्वाची मॅटर आहे,” असा फोन आठवड्यातून दोनदा. महत्त्वाची नसलेली मॅटर आम्ही तरी अजून पाहिली नाही. पोरीला नोकरीही हवी होती, नाही म्हणवेना. सत्र संपताना यादी लागली तेव्हा दोन विषयांत तिची हजेरी साठच्या खाली. प्राचार्य फार तर ६५ टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतात, तीही सगळे विषय मिळून ७० भरत असतील तर. ती त्यातही बसेना. परीक्षा हुकली, सहा महिने गेले. घरात आई म्हणाली, बस झालं आता, स्थळ बघू.

त्या रात्री आम्ही आणि महिला मंडळाच्या दोघी त्यांच्या घरी जाऊन बसलो. काय काय बोलणं झालं ते सगळं इथे सांगत नाही. एक मात्र सांगतो. कोणीतरी सुचवलं की मैत्रिणीला सांगून हजेरी लावून घ्यायची, सगळे तसंच करतात. पोरगी म्हणाली, “उद्या कोर्टात मी कागद खरा आहे म्हणून शपथेवर सांगणार, आणि माझी स्वतःची हजेरी खोटी?” ह्यावर आम्ही कोणी काही बोललो नाही.

हे खोटं आता धोक्याचंही झालं आहे. बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४ मध्ये पत्रक काढलं. त्यात कॉलेजांना अंगठ्याची हजेरी लावायला सांगितलं आणि शिकताना नोकरी केली असेल तर ते लिहून द्यायला, मालकाचं ना-हरकत पत्र जोडायला सांगितलं. दिल्लीच्या हायकोर्टाने २०२५ साली असा निकाल दिला की हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये. तो वाचून काही पोरं खूश झाली. आमचं म्हणणं, त्या भरवशावर घरी झोपू नका. आणि ‘नुसतं परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो’ म्हणणारे एजंट फिरतात, त्यांना तर दारात उभं करू नका. आपल्याच वस्तीतल्या एकाचे पैसे असे गेले आहेत.

दुसऱ्या दिवशी पोरगी साहेबांसमोर उभी राहिली. पगार कमी करा पण एक वाजायच्या आत बोलावू नका, आणि ना-हरकत पत्र लिहून द्या, एवढं मागितलं. साहेबांनी चार दिवस उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी पत्र दिलं, पगारातून दोन हजार कापले. घरात ते दोन हजार जाणवले, आम्हांला ठाऊक आहे.

तरी ऑफिसात काम करणाऱ्याला कायदा जसा कळतो तसा पुस्तकातून कळत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. नकलेचा अर्ज टाकणं हे तिचं रोजचं काम. नकलेच्या मागे शिक्का असतो, अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली. ती तो शिक्का कधी वाचतच नव्हती. मग वर्गात १९६३ चा मुदतीचा कायदा आला, १२ वं कलम आलं. अपिलाची मुदत मोजताना निकालाचा दिवस आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळायचे. पुढच्याच महिन्यात आपल्या मागच्या गल्लीतली एक विधवा बाई खोलीच्या केसचा निकाल घेऊन आमच्याकडे आली. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस, आणि निकालाला अडतीस दिवस होऊन गेलेले. बाई रडायला लागली. पोरीने नक्कल उलटी केली, शिक्का बघितला. नकलेला सोळा दिवस लागले होते. अडतीसातून सोळा गेले, बावीस राहिले. तिने धावत साहेबांना दाखवलं, अपील मुदतीत दाखल झालं. निकाल अजून लागायचा आहे, पण खोली आज बाईच्या ताब्यात आहे.

ह्या प्रकारानंतर वस्तीत ती ‘वकीलबाई’ झाली. मंडळाच्या पोरांनी फलकावर तिच्या नावापुढे ‘अ‍ॅड.’ छापून आणलं. आम्ही त्यावर कागद चिकटवायला लावला, पोरं नाराज झाली. पण सनद नसताना वकील म्हणून कोर्टात काम चालवणं हा १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. शिकणाऱ्या पोरीला कौतुकापायी अडचणीत आणू नका. तिच्याकडे कागद घेऊन जा, पण सल्ला तिच्या साहेबांसमोर घ्या.

आता पैशाचं. पदवी झाल्यावर सनदीसाठी काही राज्यांत चाळीस हजारांच्या वर फी घेत होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की कायद्यात लिहिली आहे तेवढीच घ्या, सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. हा आपल्यासाठी मोठा निकाल आहे. सनदीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. आणि खरी ओढाताण त्यापुढे सुरू होते. सनद घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे कारकून म्हणून मिळणारा पगार वकील झाल्या दिवशी बंद. सीनियर देईल तेवढ्यावर राहायचं. बार कौन्सिलने २०२४ साली ज्युनियरना शहरात वीस हजार आणि खेड्यात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली, पण शिफारस ही शिफारसच, सक्ती नव्हे. पोरगी वकील झाली म्हणून पेढे वाटायचे आणि महिन्याअखेरीस ‘पैसे कुठे आहेत’ विचारायचं, असं होऊ देऊ नका. दोन-तीन वर्षं हात आखडता राहील हे आजच धरून चाला.

म्हणून आमची आयाबायांना विनंती आहे. परीक्षेच्या महिन्यात त्या पोरीला पहाटेच्या पाण्याच्या रांगेत उभं करू नका. हळदीला आली नाही म्हणून तिच्या आईला टोमणे मारू नका. भाऊ मोबाईलवर बसला असेल तर भांडी त्याने घासावी. आम्हीही घरात घासतो, साचेवाल्याचा हात काही झिजत नाही.

आणि विहार समितीपुढे आम्ही प्रस्ताव ठेवला होता, तो मागच्या बैठकीत मंजूर झाला. वरची खोली अभ्यासासाठी मोकळी केली आहे. दोन ट्यूबलाइट, चार टेबलं, एक पंखा आहे, तो थोडा आवाज करतो. खोली रात्री नऊपासून साडेबारापर्यंत उघडी असेल. किल्ली आमच्याकडे असते, आम्हांला रात्री झोप कमीच. तिसऱ्या पाळीची सवय अजून गेलेली नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी उद्यापासून यावं, चहाचा थर्मास आमच्या घरून येईल.