गव्हासकट पीठ

फुकट मिळालेल्या वस्तूची पावती कोणी जपून ठेवत नाही. आम्हीही ठेवली नव्हती. २००९ साली मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. कार्यालयातले संगणक इंटरनेटला जोडणारी पेटी आम्ही बनवत असू. तिच्यात लिनक्स होते, बिझीबॉक्स होते. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर. कोणीही घ्यावे, बदलावे, विकावेसुद्धा. एके दिवशी जर्मनीतल्या एका ग्राहकाचे पत्र आले : या दोन्हींचा सोर्स कोड पाठवा.

साहेब म्हणाले, "पेटी घेतली, आता कारखानाही हवाय का याला?" पण ग्राहकाचे बरोबर होते. सोर्स कोड म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर. यंत्रात जाते ते त्याचे दळलेले पीठ. जीपीएल परवान्याची १९९१ची आवृत्ती सांगते, पीठ द्याल तर गहूही द्या. एक तर सोबत द्या, नाहीतर मागेल त्याला देऊ असे निदान तीन वर्षांचे लेखी वचन द्या. पाठवण्याच्या खर्चापलीकडे पैसे घेऊ नका. आमच्या खोक्यात वचन नव्हते, परवान्याची प्रतही नव्हती. अट मोडली की वाटण्याचा हक्कच संपतो. शिवाय २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल न पाळणाऱ्या एका कंपनीला मनाई हुकूम दिला होता.

साहेबांना खरी धास्ती आमच्या स्वतःच्या हिशेबाच्या प्रोग्रामची होती. तो वेगळा लिहिलेला होता. शेजारी ठेवला एवढ्यावरून तो उघडा करावा लागत नाही. हे कळल्यावर त्यांनी चहा मागवला.

मग शोध सुरू झाला. "नेटवरून लिनक्स उतरवून पाठवून देऊ," एकजण म्हणाला. तसे चालत नाही. विकलेल्या पेटीतलीच आवृत्ती हवी, आमच्या बदलांसकट, आणि ती बांधायच्या, बसवायच्या स्क्रिप्टही हव्यात. ते काम करणारा मुलगा नोकरी सोडून बेंगळुरूला गेला होता आणि त्याचा संगणक पुसून दुसऱ्याला दिलेला! कपाटात एक सीडी मिळाली. तिच्यावरून बांधले, तर पेटी सुरूच होईना. त्या मुलाला फोन केला. "सर, नेटवर्क कार्डाचा बदल मी शेवटच्या रात्री थेट केला होता," तो ओशाळून म्हणाला. तो बदल त्याच्या जुन्या मेलमध्ये सापडला. आपणच विकलेली वस्तू आपल्याला पुन्हा बनवता येत नव्हती, याची मला पत्रापेक्षा जास्त लाज वाटली. या सगळ्यात अकरा दिवस गेले.

तेव्हापासून आवृत्ती बाहेर पडते त्याच दिवशी तिचा सोर्स कोड बांधून ठेवतो. तो कोऱ्या संगणकावर दुसऱ्या माणसाने बांधून दाखवायचा, मगच माल निघतो. कुठला तुकडा कुठल्या परवान्याचा, याची यादीही असते. बीएसडी, एमआयटीसारख्या परवान्यांना लेखकाची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत दिला की पुरते.

दोन महिन्यांनी त्या जर्मन गृहस्थाचे पुन्हा पत्र आले. पेटी मध्येच बंद पडायची, ती चूक त्याने शोधली होती. दुरुस्ती आठ ओळींची होती.