श्रम, निद्रा आणि विसाव्याचा वार
(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं पूर्वजांच्या श्रद्धेचा गौरव करावा, अशी रीत आहे. आणि तो गौरव इतर वक्त्यांनीं उत्तम प्रकारें केला आहे. म्हणून माझ्या वांट्यास आलेला वेळ मी एका साध्या, परंतु घराघरांत शिरलेल्या प्रश्नास देणार आहें. मनुष्यानें किती वेळ आणि केव्हां काम करावें? झोंप व विसांवा हा त्याचा हक्क आहे, कीं मालकाची मेहेरबानी? हा विषय आजच्या उत्सवास सोडून आहे, असें कोणी समजूं नये. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचें जें वर्णन आहे, त्यांत पन्नासाव्या वर्षीं पेरणी-कापणी थांबवावी, जमिनीस विसांवा द्यावा, आणि दास्यांत पडलेल्यानें आपल्या कुटुंबाकडे परत जावें, अशी आज्ञा आहे. तेव्हां विसांवा हा ज्युबिलीचा पायाच होय.

आपल्याकडे रविवारची सुटी आकाशांतून पडली नाहीं. मुंबईच्या कापडगिरण्यांतील मजूर एके काळीं उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढें उभा असे, आणि आठवड्याचा ठराविक सुटीचा दिवस त्यास नव्हता. १८८१ च्या कारखाना कायद्यानें ७ वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास मनाई केली व ७ ते १२ वर्षांच्या मुलांस दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. प्रौढांच्या तासांना मात्र त्यानें हात लावला नाहीं. अशा काळीं नारायण मेघाजी लोखंडे हे पुढें आले. ते जोतीराव फुले यांचे अनुयायी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ सालीं त्यांनीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या वतीनें अर्ज केला. मागण्या किती माफक होत्या पहा : रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. पुढें सहा वर्षांनीं, १० जून १८९० रोजीं, गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली.

ह्या इतिहासांत आपण ख्रिस्ती लोकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. रविवार हा आपला उपासनेचा दिवस. परंतु मुंबईच्या मजुरास तो मिळवून दिला एका सत्यशोधक गृहस्थानें, आणि महाराष्ट्रांत पुष्कळांना तो खंडोबाचा वार म्हणून प्रिय आहे. दुसऱ्याच वर्षीं, १५ मे १८९१ रोजीं, पोप तेरावे लिओ यांनीं कामगारांच्या स्थितीवर ‘रेरूम नोवारूम’ हें विश्वपत्र काढलें, आणि मनुष्याचें मन बधिर होऊन देह झिजून जावा इतकें काम त्याच्याकडून घेणें अन्यायाचें आहे, असें प्रतिपादिलें. मुंबईनें रोमला किंवा रोमनें मुंबईला विचारलें नव्हतें. तरी दोघांचें उत्तर जुळलें. कारण थकवा धर्म विचारून येत नाहीं.

सुटीचा प्रश्न सुटतो न सुटतो तोंच दिव्याचा प्रश्न उभा राहिला. लोखंडे यांच्या अर्जांत सूर्यास्त ही कामाची सीमा होती. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि ती सीमा पुसली गेली; कित्येक ठिकाणीं कामाचा दिवस १४-१५ तासांवर गेला. त्याला आवर घालण्यास कायद्याला पुष्कळ वर्षें लागलीं. १९११ सालीं कापडगिरण्यांतील पुरुषांस दिवसाला १२ तासांची मर्यादा मिळाली; १९२२ सालीं आठवड्याला ६० तास ठरले, १९३४ सालीं ५४, आणि १९४६ सालीं ४८. दिवा लावण्यास एक क्षण पुरतो. दिव्याखालीं बसलेल्या माणसाचें रक्षण करण्यास चाळीस वर्षें लागतात.

आतां शास्त्राकडे वळूं. १७२९ सालीं दे मेराँ ह्या फ्रेंच विद्वानानें लाजाळूसारखें एक झाड अंधाऱ्या जागीं ठेवलें. सूर्य दिसत नसतांही त्याचीं पानें दिवसा उघडत आणि रात्रीं मिटत. ह्याचा अर्थ पुढच्या पिढ्यांनीं उलगडला : घड्याळ झाडाच्या आंतच होतें. १९७१ सालीं कोनोप्का व बेंझर यांनीं क्षुद्र अशा फळमाशींत हें घड्याळ बिघडविणारा आनुवंशिक बदल शोधला, आणि त्या घड्याळाची रचना उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबाश व यंग ह्या तिघांस २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ही रचना बागायतदारांस समजावयास कठीण नाहीं. पेशी एक प्रथिन बनविते. तें रात्रीं सांचत जातें. पुरेसें सांचलें म्हणजे स्वतःचीच उत्पत्ति बंद पाडतें. मग हळूहळू मोडून नाहींसें होतें, आणि उत्पत्ति पुन्हा सुरू होते. विहिरीवरच्या रहाटाचे पोहरे भरावे, रिते व्हावे आणि पुन्हा खालीं जावे, तसा हा फेरा आहे. आणि एक फेरा सुमारें २४ तासांचा.

मनुष्याचें मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतु जेथें एकमेकांस ओलांडतात त्याच्या किंचित् वर, सुमारें २०,००० पेशींच्या एका जोडपुंजक्यांत आहे. डोळ्यांतून येणारा उजेड तें रोज लावतो. अंधार पडला म्हणजे मेलाटोनिन नांवाचा रस रक्तांत उतरतो. पहाटेच्या आधीं अंगाची उष्णता सर्वांत कमी होते व सावधपणाही ओसरतो. रात्रपाळी करून सकाळीं घरीं परतणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन पडतें, आणि देह त्यास सांगतो कीं दिवस उजाडला. म्हणून त्याची दिवसाची झोंप तुटक व अपुरी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००७ सालीं, आणि फेरविचार करून २०१९ सालीं, रात्रपाळीचें काम कर्करोगास बहुधा कारणीभूत होणाऱ्या गोष्टींत घातलें. प्रत्येक रात्रपाळीवाल्यास तो रोग होईल, असा ह्याचा अर्थ नव्हे. परंतु झोंपेची चोरी देह विसरत नाहीं, एवढा अर्थ खास आहे.

ह्यावर कोणी विचारील, ‘फादर, मग इस्पितळें रात्रीं बंद ठेवावयाचीं काय?’ मुळींच नाहीं. आपल्याच लेकी परिचारिका म्हणून रात्र रात्र रुग्णांच्या उशाशीं उभ्या असतात. आपलीं मुलें विमानतळावर, पहाऱ्यावर, आणि परदेशच्या वेळेप्रमाणें चालणाऱ्या कचेऱ्यांत जागतात. कांहीं रात्रपाळी दयेची आहे, कांहीं गरजेची, आणि कांहीं केवळ नफ्याची. माझें मत असें आहे कीं, ह्या तिहींना एकाच तराजूंत तोलूं नये. पहिल्या दोहोंचा भार सर्व समाजानें वांटून घ्यावा : सलग रात्री थोड्या असाव्यात, पाळी बदलतांना सकाळ, दुपार, रात्र ह्या क्रमानें पुढें जावी, मध्यें पुरेसा अवकाश असावा, आणि जागरणाचें मोल वेतनांत दिसावें. तिसरीचें समर्थन मालकानें करून दाखवावें. तिच्यासाठीं तरुणाच्या आरोग्याची आहुति मागण्याचा त्यास अधिकार नाहीं.

परंतु मालकास उपदेश करणें सोपें. आपल्या अंगणांतील गोष्टीही बोलल्या पाहिजेत. रात्रभर काम करून आलेला मुलगा दुपारीं झोंपला, तर त्यास आळशी म्हणूं नका. खिडकीस जाड पडदा लावा, आणि त्याची वेळ आपल्या पहाटेइतकीच जपा. लग्नसराईंत ध्वनिक्षेपक सामान्यतः रात्रीं १० वाजल्यानंतर बंद असावा, असा २००० सालच्या नियमांचा दंडक आहे. तो पाळण्यास पोलीस कशाला यावा लागतो? तुमच्या मांडवाच्या पलीकडे कोणी पहांटे चारची गाडी धरणारी भाजीवाली निजलेली असते. आणि रविवार उजाडला म्हणजे पुरुषांस सुटी व गृहिणीस दुप्पट स्वयंपाक, ही कोणत्या धर्माची सुटी? जिचे हात आठवडाभर थांबले नाहींत तिला रविवार नसेल, तर त्या घरांत रविवार आलाच नाहीं. आपल्या घरीं भांडीं घासण्यास येणाऱ्या बाईसही आठवड्याचा एक दिवस, पगार न कापतां, मिळालाच पाहिजे. लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणीमालकांपाशीं मागितलें तें तिला देण्यास आपणांस अजून वेळ लागावा, हें शोभत नाहीं.

धर्मग्रामाच्या कार्यकारी मंडळापुढें मी तीन सूचना ठेवीत आहें. आपल्या सभागृहांतील वाद्यें रात्रीं ठीक १० वाजतां थांबावीत, मग समारंभ कोणाचाही असो. रविवारच्या सकाळीं ज्यांस शक्य नाहीं अशा पाळीवाल्यांसाठीं सायंकाळची मिस्सा कायम असावी. आणि ज्युबिलीच्या भोजनाचीं भांडीं त्या दिवशीं पुरुषांनीं घासावीत. तिसऱ्या सूचनेस आतांच हंशा पिकला, हें मी ऐकलें; परंतु ती मी विनोदानें केलेली नाहीं. मंडळाची बैठक येत्या रविवारीं मिस्सेनंतर आहे. ज्यांस कांहीं म्हणावयाचें असेल त्यांनीं अवश्य यावें.